जुनी पिकअप, नवी पेटी आणि मामांची ओळख

पत्र थोडक्यात

खटाव तालुक्यातले एक वाचक, वय ३६. विहिरी-बोअरच्या मोटरी काढणं, भरणं (आतली तार नव्याने गुंडाळणं), पुन्हा बसवणं हा त्यांचा धंदा. हत्यारं मोटरसायकलला लटकवून नेतात. मोटर वर काढायची असेल तर दर वेळी भाड्याची पिकअप सांगावी लागते. महिन्याला साधारण ११ खेपा, खेपेला १,००० रुपये. मामांच्या ओळखीतले एक भाजीपाल्याचे व्यापारी त्यांची २०१२ ची बोलेरो पिकअप २ लाख ६० हजारांना द्यायला तयार आहेत. वाचकांच्या हातात साठवलेले ३ लाख आहेत. टेक्सासमधल्या मावसभावाने त्याच्या पिकअपवरच्या टूलबॉक्सचे फोटो पाठवले. तशीच आडवी पेटी केबिनच्या मागे हवी, असं त्यांनी मनात धरलं आहे. गावातला फॅब्रिकेटर १८ हजारांत पेटी बनवून ‘थेट चासीला वेल्ड मारून देतो’ म्हणतो. मामांचं म्हणणं, ‘ओळखीतला माणूस आहे, फार चौकशी करू नको, वाईट दिसतं.’ वडील एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘जुनं लोखंड दारात आणू नको.’ वाचक विचारतात: गाडी घेऊ का, पेटी कशी बसवू, आणि कार चालवायचं लायसन्स आहे त्यावर ही गाडी चालेल की बॅज (धंद्याची गाडी चालवायची वेगळी परवानगी) काढावा लागेल?

उत्तर

तुमच्या चार पानी पत्रात पेटीवर दीड पान आहे, गाडीवर एक, मामांवर जवळजवळ एक. वडिलांच्या वाट्याला एक ओळ आली आहे. तिच्याकडे नंतर येतो.

लायसन्सचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते, वेगळा बॅज लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तो खर्च डोक्यातून काढा.

आता मूळ प्रश्न. पिकअप घ्यायची कशासाठी? ‘भाडं वाचेल’ हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. मग हिशेब मांडूनच बघू. ११ खेपांचे महिन्याला ११ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. आता स्वतःची गाडी. खेप सरासरी ४० किलोमीटरची धरली आणि जुन्या गाडीने लिटरला १२ दिले, तर वर्षाचं डिझेलच ४० हजारांच्या आसपास जातं. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा १६ हजारांच्या पुढे. चौदा वर्षांच्या गाडीला टायर, क्लच, बॅटरी, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), सर्व्हिसिंग आणि फिटनेस धरून वर्षाला ५० हजार बाजूला काढून ठेवावेत असं माझं मत आहे. एखाद्या वर्षी कमी लागतील, एखाद्या वर्षी इंजिन उतरवावं लागलं तर हे पैसे पुरणारही नाहीत. बेरीज १ लाख ६ हजारांच्या घरात जाते. वाचले किती? वर्षाला २६ हजारांच्या आसपास, आणि तेसुद्धा तुमचे अडीच-पावणेतीन लाख अडकवून, चालकाची मजुरी शून्य धरून. निव्वळ भाड्यापोटी गाडी घेत असाल तर घेऊ नका.

पण खरं कारण ते नसावं असा मला संशय आहे. पत्रात तुम्ही मधेच लिहिलंय की एप्रिल-मेमध्ये पिकअपवाले फोन उचलत नाहीत, शेतकरी दिवसातून दहा वेळा फोन करतो, आणि मग काम दुसरा माणूस घेऊन जातो. हे कारण मला पटतं. उभं पीक वाळतंय तेव्हा मोटर आज निघणार की परवा, यावरच गिऱ्हाईक ठरतं. तेव्हा हिशेब तिथे करा. गेल्या उन्हाळ्यात गाडी नाही म्हणून हातची किती कामं गेली? वही काढा, फोनमधले मेसेज बघा, आकडा लिहा. महिन्याला तीन-चार चांगली कामं जात असतील तर गाडी परवडते. एखादंच जात असेल तर ती हौस आहे. हौसेलाही माझी ना नाही, पण तिला धंद्याच्या नावाखाली खपवू नका.

तुमचा क्रम असा आहे: आधी गाडी, मग त्यावर बसेल तशी पेटी. मी तो उलटा करायला सांगेन. आधी माल ठरवा, मग पेटी, आणि गाडी सगळ्यात शेवटी.

एका सकाळी सगळं सामान अंगणात मांडा. साखळी-कप्पी, घोडी (मोटर उचलायची तिपाई), पाइप पाने, चेन पाना, क्लॅम्प, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), केबल, जॉइंटचं सामान, वेल्डिंग मशीन असेल तर ते, दोर. प्रत्येक वस्तूचं वजन करा. शेजारच्या दुकानातला काटा चालेल. मग दोन ढीग करा: पेटीत कुलपात राहायलाच हवं ते, आणि हौद्यात मोकळं पडलं तरी चालेल ते. बहुतेकांचा पहिला ढीग वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो. मेगर, मल्टिमीटर, पाने, तांब्याच्या तारेचं रीळ, केबल हे कुलपात. घोडीचे पाय कोण चोरणार?

यानंतर पाइप. तुमच्याकडच्या बोअरला यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचे) कॉलम पाइप असतील तर त्यांची लांबी सहसा ३ मीटर, म्हणजे १० फूट. जुन्या विहिरींवरचे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप २० फुटी. अडीच इंची मीडियम पाइपची एक लांबी ४० किलोच्या आसपास भरते. पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा. तिथे मावसभावासारखी आडवी पेटी केबिनला लावून बसवली की पुढचा दीड फूट गेला. उरलेल्या सात फुटांत १० फुटी पाइप कसा ठेवणार? तो फाळक्यावरून मागे डोकावणार. गाडीच्या मापाबाहेर आलेल्या मालाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, आणि रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या जिवाचा प्रश्न वेगळाच. पेटी बघताना तुमच्या डोळ्यांसमोर हत्यारं होती. तुमचा धंदा मात्र पाइपाचा आहे.

मावसभावाच्या पेटीबद्दलही एक गोष्ट. अमेरिकी पिकअपच्या हौद्याच्या बाजू पक्क्या असतात. वरच्या कडेला आत वळलेली ओठी असते. पेटी दोन्ही कडांवर आडवी टेकते आणि आकड्यासारखे बोल्ट त्या ओठीला खालून पकडतात, म्हणून छिद्र न पाडता ती बसते. तिकडे ते योग्यच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपना बाजूचे फाळके बिजागरीवर खाली पडतात. त्या फाळक्यावर दोनशे किलोची पेटी टेकवली तर बिजागरी आणि कडी काही महिन्यांत ढिली होईल, आणि तो फाळका पुन्हा कधी उघडता येणार नाही. फोटोतली पेटी सुंदर आहे, पण ती त्या गाडीची आहे.

तुमच्यासाठी मी लांबट पेटी सुचवतो: हौद्याच्या डाव्या बाजूला, लांबीच्या दिशेने, पुढच्या जाळीला भिडवून, थेट तळावर. समजा ५ फूट लांब, दीड फूट उंच, दीड फूट रुंद. उजवीकडे चार फुटांची मोकळी पट्टी राहते. तिथे पाइपाचं एक टोक तळावर आणि दुसरं पुढच्या जाळीवर टेकवून १० फुटी पाइप तिरपा मावतो. डावी बाजू दोन कारणांसाठी. आपण रस्त्याच्या डावीकडे गाडी लावतो, म्हणजे पेटीचं दार साइडपट्टीकडे उघडतं आणि तुम्ही पाठ रहदारीला देऊन उभे राहत नाही. दुसरं, ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे वजन थोडं तोलतं. जड साखळी-कप्पी पेटीत तळाशी आणि मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे येईल अशी ठेवा. जड वस्तू फाळक्याजवळ गेली की मागचा भाग बसतो आणि पुढचं स्टिअरिंग हलकं पडतं. रिकाम्या गाडीने घाट उतरताना ते जाणवतं.

पत्रा कुठला? वर सांगितलेल्या मापाच्या पेटीला साधारण ३.२ चौरस मीटर पत्रा लागतो. २ मिमी लोखंडी पत्र्यात रिकामी पेटीच ५० किलोची होते, १.६ मिमीत (आपण ज्याला १६ गेज म्हणतो) ४० किलो, आणि ३ मिमी ॲल्युमिनियमच्या चौकटी पत्र्यात २५-२६ किलो. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण महाग, आणि तुमच्या फॅब्रिकेटरला त्याचं वेल्डिंग येतं का हे आधी विचारा. नाहीतर सांध्यांना महिनाभरात चिरा. मी १६ गेज लोखंड, कोपऱ्यांना अँगल, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग, यावर थांबेन. झाकणाला चारी बाजूंनी खाली वळलेली पाऊण इंची कड हवी आणि तिच्या आत रबराचा बीड, म्हणजे पावसाचं पाणी कडेवरूनच खाली गळेल. तळाला दोन लहान भोकं ठेवा. पाणी कितीही अडवलं तरी ओली हत्यारं आत जातातच, ते पाणी बाहेर पडायला वाट हवी. कुलूप बाहेर लोंबकळणारं नको, आत बसणारी कडी आणि वर पत्र्याची टोपी. चोराला कटर चालवायला जागाच मिळता कामा नये. ऑक्सिजन, एलपीजी असली कुठलीही टाकी बंद पेटीत ठेवायची नाही.

वेल्ड मारायला फॅब्रिकेटरला स्पष्ट नाही म्हणा. चासीच्या पट्टीवर जिथे वेल्ड पडतो तिथलं लोखंड तापून बदलतं, आणि वर्षभर खड्डे खाल्ल्यावर तडा नेमका वेल्डच्या कडेने जातो. चासीला भोक पाडणंही तितकंच वाईट. त्यातून उद्या फिटनेसला इन्स्पेक्टर म्हणाला ‘हे काढा’, तर काय गॅस कटर घेऊन जाणार? गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. हौद्याच्या आत बोल्टने बसवलेली, काढता येणारी, गाडीची लांबी-रुंदी न वाढवणारी पेटी या भानगडीत पडायचं कारण नाही असं मला वाटतं. तरी पेटी बसवण्यापूर्वी आरटीओत फिटनेसच्या खिडकीवर एकदा विचारून घ्या आणि विमा कंपनीला मेलने कळवा. दोन्ही फुकट आहे.

बसवायची पद्धत अशी. पेटीखाली ५-६ मिमी रबराचे पट्टे, म्हणजे पेटी आणि तळ यांच्यात पाणी साचून गंज धरणार नाही. एम१० चे (१० मिमी जाड) सहा बोल्ट, ८.८ ग्रेडचे, आरपार. हौद्याच्या नुसत्या पत्र्याला नट आवळले तर जोराचा ब्रेक लागला की पत्रा फाटून बोल्ट वर येतात. म्हणून खालून ५० बाय ६ मिमीची लोखंडी पट्टी दोन आडव्या क्रॉस मेंबरवर टेकेल अशी लावायची आणि नट त्या पट्टीवर आवळायचे. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), मोठा वॉशर. ड्रिल लावण्याआधी गाडीखाली झोपून वर काय आहे ते बघा: डिझेल टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंगचा गुच्छ. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर. पेटीच्या पुढे तळाला एक आडवा अँगल, स्टॉपर म्हणून. भरलेली पेटी दीड-दोनशे किलोची होणार. समोर बैल आडवा आला आणि तुम्ही ब्रेक दाबला, तर ती थांबली पाहिजे तिथेच, केबिनच्या पत्र्यावर नाही. आठवड्याने सगळे नट पुन्हा आवळा, पहिल्या आठवड्यात ते हमखास थोडे सैल होतात. आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, गाडीशिवाय पेटीचं काय करू? करून ठेवा. हीच पेटी बाजूला दोन-दोन कड्या लावून, आत सुटे क्रेट ठेवून बनवा. रिकामी पेटी दोघांना उचलता येते. येत्या हंगामात भाड्याच्या पिकअपमध्येच ती टाका, पट्ट्यांनी आवळा, क्रेट भरा, काम करा. दोन महिन्यांत कळेल दार कुठल्या बाजूला हवं, कुठला कप्पा रिकामाच राहतो, पाइपाला जागा पुरते का. आणि गाडी घेतलीच नाही तरी १८ हजारांची वस्तू वाया जात नाही. तुमच्या गावातल्या एखाद्या पिकअपवाल्याशी एप्रिल ते जूनपुरता महिन्याचा ठराव करून बघायलाही हरकत नाही; ठरलेले पैसे मिळणार म्हटल्यावर फोन उचलतात.

आता समोरची गाडी. २०१२ ची, म्हणजे पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस काढावं लागतं, आणि वय वाढेल तशी त्याची फी चढत जाते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला पर्यावरण करही आहे. या दोन्हींचे आजचे आकडे सातारा आरटीओतून घ्या आणि सौदा करताना तेच आकडे पुढे ठेवा.

गाडी बघायला भल्या सकाळी जा, आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू होताना थोडा धूर येणं चालतं. निळसर धूर येतच राहिला तर ती ऑइल जाळते. पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल तर कुलंट आत जातंय का बघा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून भकाभका वाफ आणि ऑइलचे शिंतोडे आले तर इंजिनाला बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला वायू खाली गळणं) आहे आणि रिंगांचं काम जवळ आलंय.

मग खाली वाका. भाजीची गाडी असं ते सांगतात. तशी असेलही, पण मागच्या पाट्यांचे थर मोजा. कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटे टाकलेले दिसले तर ती कधीतरी वाळू, विटा किंवा दगड वाहत होती, आणि तो भार चासीने सोसलाय. पाट्यांची हँगर जिथे चासीला जोडली आहेत तिथे आणि केबिनच्या मागे छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज, सुटणारे गंजाचे पापुद्रे, ताजा काळा रंग किंवा वेल्डचा माग दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. इंजिन बांधता येतं, चासी नाही. नंबर प्लेट एमएच ०७ किंवा ०८ ची असेल, म्हणजे गाडी आधी सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत नोंदलेली, तर गंजाकडे दुप्पट लक्ष द्या. खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून पोखरलेल्या असतात. पत्र्यावर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. दरवाज्यावरची पुट्टी मी माफ करेन, खांबावरची नाही.

पाच-सहाशे किलो माल भरून वर्धनगडच्या घाटात चढवा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते. चढावर क्लच सरकतो का, तापमानाचा काटा वर चढतो का, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का हे तिथेच समजेल. खाली उतरल्यावर रिकामी करून वजनकाट्यावर घाला आणि आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. पुष्कळ गाड्यांना नंतर जाड अँगलची बॉडी बांधलेली असते; दीडशे किलो जास्त भरले तर तेवढा माल तुम्हाला कायदेशीर नेता येणार नाही. आरसीवर जीव्हीडब्ल्यू (मालासकट एकूण वजन) हा आकडाही बघा. तो ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही.

कागदांबाबत मामांचं ऐकू नका. ‘टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सही देतो, नावावर सावकाश कर’ हे वाक्य आलं की तिथेच थांबा. ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं नाव, फिटनेस, विमा, टॅक्स आणि बोजा तपासा, थकलेली ई-चलनंही तिथेच कळतात. बोजा दिसत असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा) हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. चासीवर ठोकलेल्या नंबरची पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. विकणाऱ्याचा फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना), तुमच्या दोघांचा फॉर्म ३० (नावावर करण्याचा अर्ज). गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागलेली आहे का तेही पाहा. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. आणि लक्षात ठेवा, गाडीचा विमा पेटीतल्या हत्यारांना लागू नसतो. मेगरसारख्या महागड्या वस्तूंसाठी वेगळी पॉलिसी मिळते का ते एजंटाला विचारा.

‘वाईट दिसतं’ याचं काय? मामांना भीती आहे की चौकशी केली तर विश्वास नाही असा अर्थ निघेल. पण ओळखीतल्या व्यवहारात पुढे बिघडलं तर भांडताही येत नाही. तिऱ्हाईताकडून घेतलेल्या गाडीचा क्लच गेला तर तुम्ही त्याला फोन करून दोन शब्द सुनावता, इथे लग्नात समोरासमोर जेवायला बसायचं आहे. त्यामुळे ओळखीतली गाडी जास्त तपासून घ्यावी. व्यापाऱ्याला सरळ सांगा, ‘वडील एसटीत होते, त्यांनी खालून बघितल्याशिवाय घरात गाडी येत नाही.’ यात कुणाचा अपमान नाही. ज्याची गाडी चांगली आहे तो माणूस यावर हसतो आणि चहा सांगतो.

आणि ही नुसती सबब राहू देऊ नका. ज्या माणसाने नोकरीभर गाड्या उघडून बघितल्या तो ‘जुनं लोखंड’ म्हणतो, तेव्हा ते म्हाताऱ्याचं कुरकुरणं आहे असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांना विचारलंत का, की नेमकी भीती कशाची? इंजिनाची, पैशांची, की तुम्ही रात्री-बेरात्री शेतरस्त्यांवर एकटे फिराल याची? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. त्यांना गाडी बघायला चला म्हणण्याआधी अंगणात मांडलेलं सामान आणि वर्षाचा हिशेब दाखवा. मग हातोडी त्यांच्याच हातात द्या. ते गाडीखाली गेले आणि नको म्हणाले, तर त्या ‘नको’ला कारण जोडलेलं असेल. आज तसं कारण तुमच्याकडे नाही आणि मामांकडेही नाही.

पैशांचा शेवटचा हिशेब. ३ लाख हातात असताना २ लाख ६० हजारांची गाडी घेतली, १८ हजारांची पेटी, विमा, नावावर करण्याचा खर्च, की हातात काही उरत नाही. आणि जुनी गाडी पहिल्या तीन महिन्यांतच आपली थकलेली दुखणी बाहेर काढते. निदान ५० हजार तरी बाजूला राहिले पाहिजेत. म्हणजे ही गाडी सगळ्या तपासण्यांतून सुटली तरी तुमचा आकडा २ लाख १५ हजारांच्या वर जाऊ देऊ नका. मालक तिथे येत नसेल तर ही गाडी तुमची नाही, दुसरी बघा. छोटा हत्तीसारखी लहान गाडी स्वस्त पडेल, पण पाणंदीतून मोटर-पाइप घेऊन जाताना ती टेकेल, म्हणून मी ती सुचवत नाही. कर्ज काढून नवी पिकअप हा पर्याय हंगामात खरोखर दुप्पट कामं मिळायला लागल्यावर उघडा.

पेटीवर नाव आणि मोबाइल नंबर रंगवू का, असं तुम्ही ताज्या कलमात विचारलंय. रंगवा, मोठ्या अक्षरांत, झाकणावर नको, रस्त्याकडून दिसेल त्या बाजूला. फाळका बंद असताना पेटी झाकली जाते, म्हणून नंबर फाळक्यावरही हवा. फक्त गाडीच्या रिफ्लेक्टर पट्ट्या, बाजूच्या पिवळ्या आणि मागच्या लाल, रंगाखाली जाऊ देऊ नका. फिटनेसला आधी त्याच बघतात.